नावे बाजू

बुधवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. तो ऐरोलीला राहतो, आयटीत आहे, आणि या वेळी फोन केला की काहीतरी निस्तरायचं असतं.

"मावशी, झोपलीस का? माझ्या ट्रेडिंग खात्यात मायनस दाखवतंय."

"किती?"

"एकेचाळीस हजार तीनशे."

"मग भर."

"अगं, पण माझे सहा लाखांचे शेअर पडलेत ना त्यांच्याकडे! मग मायनस कसं काय?"

"पण माझे शेअर आहेत ना" हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकलं. १९९९ साली नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर असलेल्या सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी हिशेब लिहायला लागले आणि २०२३ मध्ये बाहेर पडले. मधल्या काळात सब-ब्रोकर हा शब्दच गेला, आम्हाला 'ऑथराइज्ड पर्सन' म्हणायला लागले, जिना मात्र तोच राहिला. माझं काम सांगायला सोपं होतं. सकाळी नऊला मुख्य ब्रोकरच्या ऑफिसातून डेबिट लिस्ट यायची, आधी फॅक्सवर, मग मेलवर. ती घेऊन बसायचं आणि एकेका पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, फोन लावायचा.

डेबिट म्हणजे नावे. आमच्या मालकांच्या वडिलांच्या वेळचा शब्द, मला अजून तोच बरा वाटतो. तुमच्या नावावर पडलं, आता तुम्ही बघा. स्टेटमेंटवर आकड्यापुढे इंग्रजीत नुसतं 'डीआर' छापून यायचं. चरईतले एक आजोबा ते बघून म्हणाले होते, "मी डॉक्टर कधी झालो?" त्यांचं नावे होतं दोनशे चाळीस रुपये, डीमॅटचा वार्षिक खर्च. त्यांनी तिथेच चेक लिहिला आणि खाली 'डॉक्टर' अशी सही करू का म्हणून विचारलं.

तर भाच्याचं काय झालं होतं? त्याने शेअर आणि थोडा लिक्विड फंड गहाण टाकून मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी लागणारं तारण, घेतलं होतं आणि त्यावर बँक निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे बँकांच्या निर्देशांकावरचे करार, विकले होते. ते उलटे गेले, त्याने तोट्यात बंद केले. गहाणावर मार्जिन मिळतं, पण झालेला तोटा रोखीतच भरावा लागतो. एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजार, दुसऱ्या दिवशी ब्रोकरकडून पैसे घेतं, तुमच्या शेअरचा तुकडा घेत नाही. ब्रोकरने ते भरले आणि ते तुमच्या नावे पडले. एवढंच. घर आहे म्हणून वाणी किराणा फुकट देत नाही, तसं.

"आणि व्याज?" त्याने विचारलं.

दिवसाला शेकडा पाच पैसे, म्हणजे वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर. बहुतेक ठिकाणी हाच किंवा याच्या आसपासचा दर असतो. ४१,३०० वर रोज २० रुपये ६५ पैसे. ठाण्यात एका वडापावाचे पैसे, रोज, न खाता.

"आणि नाही भरले तर?"

हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत दिलं आणि नंतर रात्री एक वाजेपर्यंत झोप आली नाही, म्हणून हे लिहितेय.

मी लागले तेव्हा नाव्याचा कारभार ओळखीवर चालायचा. सौद्यांचं वलण, म्हणजे पैसे आणि शेअर चुकते करायचं चक्र, आठवड्याचं असायचं. पैसे यायला उशीर झाला तर मालक स्वतः फोन करायचे आणि समोरचा म्हणायचा, "सोमवारी देतो." सोमवार म्हणजे कुठला सोमवार हे कोणी विचारायचं नाही. लोक एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणारे होते. तलावपाळीवर संध्याकाळी मालक फिरायला गेले की दोन-तीन वसुल्या चालता चालता व्हायच्या, तेही भेळ खात.

आणि लँडलाइन होती. हे आताच्या मुलांना सांगूनही कळत नाही. फोन घरात वाजायचा, उचलणार कोण हे तुमच्या हातात नाही. बऱ्याच घरांत यजमान फ्युचर, म्हणजे थोड्या मार्जिनवर पुढच्या तारखेचे सौदे, खेळतात हे बाईंना माहीतच नसायचं. मी "बँकेतून बोलतेय, साहेब आहेत का?" असं म्हणायचे. पैशांचा आकडा त्या माणसाशिवाय कुणालाही सांगायचा नाही, हा माझा मीच केलेला नियम. एका बाईंनी एकदा शांतपणे विचारलं होतं, "किती आहेत ते तरी सांगा, दागिने काढायला बरं पडेल." त्यांना सगळं माहीत होतं. मी तरीही सांगितलं नाही. बरोबर केलं का, माहीत नाही.

आता सरांचं सांगते. त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळलं.

सर ठाण्यातल्याच एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. २००५ पासून रोज सकाळी साडेनऊला यायचे, थर्मासमधून चहा आणायचे, आणि आमच्या टर्मिनलसमोरच्या, म्हणजे भाव दाखवणाऱ्या कॉम्प्युटरसमोरच्या, लाकडी खुर्चीवर त्यांनी स्वतःची उशी आणून ठेवली होती. आधी फक्त शेअर घ्यायचे. २००७ च्या तेजीत फ्युचरकडे वळले, तेव्हा सगळेच वळत होते. जानेवारी २००८ मध्ये त्यांच्याकडे एका वीज कंपनीचे फ्युचर होते. मार्जिन म्हणून शेअर ठेवलेले.

शुक्रवारी, १८ जानेवारीला, बाजार पडला आणि एमटूएम, म्हणजे त्या दिवसाच्या भावाने निघालेला तोटा, जाऊन त्यांच्या नावे ३८,००० पडले. दुपारी मुख्य ऑफिसच्या आरएमएसमधून फोन आला. आरएमएस म्हणजे रिस्क सांभाळणारे लोक. आमच्या दृष्टीने तेव्हा ते म्हणजे अंधेरीत एसीत बसून ठाण्यातल्या माणसांच्या पोझिशन, म्हणजे चालू सौदे, कापणारी पोरं. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, पैसे येतायत का? नाहीतर कापतो."

सर समोर बसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सोमवारी चेक देतो."

मालक त्या दिवशी ऑफिसात नव्हते. मुदत मी मागितली. मी त्या मुलाला म्हणाले, "शिक्षक आहेत, पाच पैसे बुडवायचे नाहीत, माझ्या शब्दावर सोमवारपर्यंत थांब." तो थांबला.

सोमवारी, २१ तारखेला, सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. सर सांगितल्याप्रमाणे चाळीस हजारांचा चेक घेऊन आले होते. चेक ट्रेमध्ये पडला होता आणि स्क्रीनवर नावे दोन लाखांच्या पुढे गेलं होतं. मंगळवारी बाजार उघडला आणि काही मिनिटांत खालचं सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा, लागून तासभर बंद झाला. त्या तासात ऑफिसात कोणी एक शब्द बोललं नाही. बाजार पुन्हा सुरू झाल्यावर अंधेरीने कुणाला विचारलं नाही, मिळेल त्या भावाला कापलं. बरोबर तळाला. त्या दिवशी सेन्सेक्स १५,३०० च्या घरात जाऊन संध्याकाळी १६,७०० च्या वर बंद झाला, म्हणजे दुपारपर्यंत थांबले असते तर... हे "असते तर" मी पुढे अनेक वर्षं खेळले. शुक्रवारी मुदत देणाऱ्या त्या मुलाने मंगळवारी का नाही दिली, हा त्यातला माझा आवडता प्रश्न. उत्तर साधं आहे. मंगळवारी सगळ्यांचंच नावे होतं आणि एक्स्चेंजला पैसे ब्रोकरला भरायचे होते.

सरांचा चेक जमा धरून शेवटी ४,२२,००० नावे राहिले. मार्जिनचे शेअर विकून २,६०,००० आले. राहिले १,६२,०००.

ते कोण भरतं? इथे लोकांची समजूत अशी की ब्रोकर मोठा, त्याला काय फरक पडतो. मुख्य ब्रोकरने एक्स्चेंजला त्याच आठवड्यात भरले होते, म्हणून त्याने आमच्या मालकांकडे बोट दाखवलं. सब-ब्रोकरच्या करारात हे असतंच: तुझी पार्टी बुडाली तर तुझ्या दलालीतून आणि तुझ्या डिपॉझिटमधून वळते करू. मालकांना पाच महिने दलालीचा रुपया दिसला नाही. माझा पगार एकदाही थांबला नाही, आणि मुदत कोणी मागितली होती हे मालकांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सरांनी महिन्याला तीन हजारांचे चेक दिले. मार्च २००८ ते ऑगस्ट २०१२, चोपन्न चेक. पाच तारखेच्या आत जिना चढून यायचे, चेक ठेवायचे, पावती घ्यायचे, पावतीवरची तारीख तपासायचे आणि जायचे. टर्मिनलकडे बघायचे नाहीत. खुर्चीवरची उशी त्यांनी परत नेलीच नाही. शेवटच्या चेकनंतर त्यांनी 'काही येणे बाकी नाही' असं पत्र मागितलं. मी टाइप केलं, त्यांनी त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, मी पुन्हा टाइप केलं.

शुक्रवारी कापलं असतं तर अडतीस हजारांत मिटलं असतं. माझ्या चांगुलपणाची किंमत त्यांनी साडेचार वर्षं भरली.

म्हणून पुढे जेव्हा नियम कडक होत गेले तेव्हा गल्लीतले बाकीचे सब-ब्रोकर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नावाने बोटं मोडायचे आणि मी गप्प बसायचे. २०१६ मध्ये सेबीने सांगितलं की पार्टीचं नावे पे-इनपासून, म्हणजे पैसे भरायच्या दिवसापासून, पाच कामकाजाच्या दिवसांपलीकडे गेलं तर तिला पुढे खरेदीच करू द्यायची नाही. ब्रोकरने स्वतःच्या खिशातून, किंवा दुसऱ्या पार्टीच्या पैशांतून, कुणाला पोसायचं नाही. हा दुसरा भाग महत्त्वाचा. तुमच्या खात्यातलं नावे बहुतेक वेळा ब्रोकरच्या तिजोरीतून भरलं जात नव्हतं, बाजूच्या माणसाच्या जमेतून भरलं जात होतं. त्या माणसाला पत्ताही नसायचा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादच्या एका मोठ्या ब्रोकरवर सेबीने कारवाई केली ती ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याबद्दल. त्यानंतर ठाण्यात लोक आमच्याकडे रोज येऊन डीमॅटचं स्टेटमेंट मागायला लागले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग सप्टेंबर २०२० पासून गहाणाची नवी पद्धत आली. शेअर तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात, त्यावर फक्त गहाणाची नोंद होते, आणि ती करताना तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो. आधी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर सही घेऊन शेअर ब्रोकरच्या खात्यात ओढले जायचे. वयस्कर पार्ट्यांना ओटीपी शिकवण्यात माझा तो अख्खा गणेशोत्सव गेला, तोही लॉकडाउनमध्ये, फोनवरून. "आजी, मेसेजमधला आकडा वाचा." "कुठला मेसेज?" "आत्ता आलेला." "तो मुलाचा आहे, जेवलीस का विचारतोय."

फ्युचर-ऑप्शन नाही, सरळ शेअर घेऊन पूर्ण पैसे न भरण्याचंही तसंच. समजा लाखाचे शेअर घेतले, वीस हजार मार्जिन दाखवलं आणि उरलेले ऐंशी हजार दुसऱ्या दिवशी द्यायचे राहून गेले. पूर्वी ते शेअर ब्रोकर स्वतःकडे अडवून ठेवायचा, कधी आठवडा, कधी वर्ष. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सेबीने जी पद्धत ठरवली तिच्यात शेअर तुमच्या डीमॅटमध्ये येतात, पण 'पैसे बाकी' अशा गहाणासकट. पे-आउटपासून, म्हणजे शेअर मिळायच्या दिवसापासून, पाच कामकाजाच्या दिवसांत पैसे दिले तर गहाण सुटतं. नाही दिले तर ब्रोकरने ते शेअर विकून आपले पैसे वसूल करायचे. आणि ब्रोकरने सात कामकाजाच्या दिवसांत यातलं काहीच केलं नाही तर गहाण आपोआप सुटतं, शेअर मोकळे, पैसे मात्र नावेच. म्हणजे दया दाखवणाऱ्या ब्रोकरचीच पंचाईत. त्या मुदत देणाऱ्या मुलाला आज मुदत देताच आली नसती. कोणी मागितलीही नसती, कारण आता फोन उचलायला माणूसच नाही. मेसेज येतो, मेल येतो, आणि ठरलेल्या वेळी सिस्टिम विकते.

विकायच्या आधी विचारायला नको का? नको. खातं उघडताना जे पन्नास पानी पीडीएफ येतं त्यात ब्रोकरचं धोरण असतं. येणं थकलं तर नोटीस न देताही शेअर विकायचा किंवा पोझिशन बंद करायचा हक्क त्यात लिहिलेला असतो, थकलेल्या रकमेपुरता. सेबीने २००९ मध्येच ते लिहून ग्राहकाला द्यायला लावलं. चोवीस वर्षांत ते वाचणारा एकच माणूस मला भेटला, तो वकील होता आणि त्याचंही नावे झालं.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. काय विकायचं हे सिस्टिम ठरवते, आणि ती विकते जे पटकन विकलं जाईल ते. म्हणजे तुमचा चांगला शेअर. वडिलांनी घेऊन ठेवलेली बँक, सिमेंट, औषध कंपनी पहिल्यांदा जाते. टिपेवरून घेतलेला तो कागदी कंपनीचा शेअर ज्याला खरेदीदारच नाही, तो गहाणात तसाच पडून राहतो. वर विक्री ब्रोकरने केली तरी भांडवली नफ्याचा कर तुमचाच. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायचे: विकावं लागणारच असेल तर कुठला विकायचा ते स्वतः ठरवा, त्यांच्यावर सोडू नका. भाच्यालाही तेच सांगितलं.

आणि नियम कितीही कडक केले तरी एक दिवस असा येतो की ते सगळे गुंडाळून ठेवावे लागतात. माझ्यासाठी तो दिवस २० एप्रिल २०२०.

लॉकडाउन होता. आमचं ऑफिस बंद, मी चरईत घरात, गॅलरीत लॅपटॉप. एमसीएक्सचा, म्हणजे तेल-सोन्यासारख्या मालाच्या सौद्यांचा, बाजार त्या दिवसांत संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचा. त्या दिवशी कच्च्या तेलाचा एप्रिलचा सौदा संपत होता. मुलुंडच्या एका पार्टीने बाजार बंद व्हायच्या जरा आधी दोन लॉट घेतले, साधारण ९६५ ला. फोनवर मला त्यांचा हिशेब ऐकवला. "ताई, तेल आहे ते. पडून पडून किती पडेल? शून्य! शून्याखाली काय जाणार? म्हणजे लॉटमागे जास्तीत जास्त शहाण्णव हजार." एका लॉटमध्ये शंभर बॅरल, हिशेब चोख. मला त्यात चूक दिसली नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, माणूस विचार करून खेळतोय.

रात्री अमेरिकेत तो सौदा उणे ३७.६३ डॉलरला मिटला. आमच्याकडे एमसीएक्सने आधी तात्पुरता भाव एक रुपया लावला आणि मग अंतिम भाव आला: उणे २,८८४ रुपये. विकणाऱ्याने तेल द्यायचं आणि वर पैसेही द्यायचे, असा भाव. ९६५ पासून उणे २,८८४ म्हणजे बॅरलमागे ३,८४९ रुपये, लॉटमागे ३,८४,९०० आणि दोन लॉटचे सात लाख एकोणसत्तर हजार आठशे. आमच्या हिशेबाच्या शीटमध्ये भावाच्या रकान्यात वजा चिन्ह टाकायला गेले तर 'चुकीची नोंद' असं लाल अक्षरात येत होतं. मी तीनदा टाकून बघितलं. त्या बिचाऱ्या शीटचंही त्या गृहस्थांसारखंच, शून्याखाली काही असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांच्या खात्यात मार्जिनचे साधारण पावणेदोन लाख होते. उरलेले जवळजवळ सहा लाख नावे. एक्स्चेंजने ब्रोकरकडून घेतले, ब्रोकर लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि खाली आम्ही आपापल्या पार्टीला फोन लावत बसलो. ते गृहस्थ दोन दिवस फोन उचलत नव्हते. तिसऱ्या दिवशी स्वतःच केला. म्हणाले, "ताई, मी बुडवत नाही. पण हे मी केलेलं नाही." दोन्ही खरं होतं. पोझिशन कापायला बाजारच उघडा नव्हता, मग मी तरी काय सांगणार होते? सरांच्या वेळी मी मुदत मागितली म्हणून नुकसान झालं. इथे कोणी काही मागितलं नव्हतं, कोणी काही दिलं नव्हतं, तरी सहा लाख. शेवटी मुख्य ब्रोकरने तीन लाखांवर तडजोड केली आणि बाकीचं बुडीत म्हणून लिहून टाकलं. बुडीत खात्याचाही एक हिशेब असतो बरं का. ब्रोकरने दलाली उत्पन्नात दाखवलेली असेल तर अख्खं बुडीत येणं करातून वजा मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलेलं आहे. मालकांनी ते वाक्य छापून काचेखाली ठेवलं होतं, देवाच्या फोटोच्या बाजूला.

तडजोड न झालेली पार्टी लवादाकडे जाते. मी एकदाच गेले, बीकेसीला. मुख्य ब्रोकरचा वकील, आमचे मालक आणि मी, हातात दोन फायली. रक्कम लाखाच्या आतबाहेरची. पार्टीचं म्हणणं साधं: हे सौदे मी केलेच नाहीत. लवादांनी मला विचारलं, "ऑर्डर कशी आली?" मी म्हणाले, "फोनवर." "रेकॉर्डिंग?" रेकॉर्डिंग सहा सौद्यांपैकी दोनांचंच होतं. २०१८ च्या एप्रिलपासून ऑर्डरचा पुरावा ठेवायची जबाबदारी ब्रोकरवर आहे, आणि वाद झाला तर सिद्धही त्यानेच करायचं. दोन सौद्यांचे पैसे मिळाले, चार गेले. मला त्या माणसाचा आवाज ओळखू येत होता, दर गुरुवारी फोन करायचा, पण माझ्या कानांचं रेकॉर्डिंग चालत नाही. परत येताना कुर्ल्याहून ठाणे लोकल पकडली, मालक विक्रोळीपर्यंत बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मामलेदारची मिसळ खाऊ."

आता हे सगळे तंटे आधी ऑनलाइनच सुरू होतात, बीकेसीला चकरा नकोत. हे चांगलं झालं.

घरच्यांचं एक राहिलं. आमच्याकडे पूर्वी एका फॉर्मवर सही घ्यायचे: नवऱ्याच्या खात्यातली जमा बायकोच्या नाव्यात वळवायला हरकत नाही, आणि उलट. खातं बायकोच्या नावावर, ऑर्डर देणारा नवरा, असं ठाण्यात निम्म्या घरांत होतं. आता एकाचे पैसे दुसऱ्याकडे वळवता येत नाहीत. पण जुनी कर्मं सुटत नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण निकाली काढलं. २००१ च्या पडझडीतलं, बायकोच्या खात्यातलं नावे, एक कोटी अठरा लाखांच्या आसपास. नवऱ्याच्या सांगण्यावरून त्याची जमा तिच्या खात्याकडे वळवलेली होती. तोंडी ठरलेलं होतं म्हणून नवराही तितकाच बांधील, असा निकाल लागला. चोवीस वर्षांनी. मी लागले तेव्हापासून सुटेपर्यंत जेवढा काळ गेला, तेवढा काळ एक नावे नुसतं कोर्टातून कोर्टात फिरत होतं.

ही बातमी मी माझ्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग याने माझ्या नावावर खातं उघडलंय का ते बघ." उघडलेलं नव्हतं. विचारून खात्री केली.

बुधवारच्या फोनला परत येते. भाचा म्हणत होता की थांबून बघू, बाजार वर आला की शेअरही वाढतील, मग भरू. मी म्हणाले, "बाजार वर येईल की नाही मला माहीत नाही. तुझं नावे रोज वीस रुपयांनी वाढेल ते माहीत आहे." तो म्हणाला, "मावशी, तुझ्या ओळखीने त्यांना सांगता येईल का, थोडी मुदत द्या म्हणून?"

मला सरांची उशी आठवली. ऑफिस सोडताना ती मी घरी आणली होती. आता माझ्या गॅलरीतल्या खुर्चीवर आहे.

"तिथे माणूस नाही रे," मी म्हणाले. "मुदत कोणाला मागायची?"

त्याने गुरुवारी एका आयटी कंपनीचे शेअर गहाणातून सोडवून स्वतः विकले, स्वतःच्याच क्षेत्रातले, म्हणजे निदान त्याला कळणारे. शुक्रवारी पैसे जमा झाले आणि खातं शून्य झालं. त्याचा स्क्रीनशॉट मला आला, खाली हात जोडलेले. मी अंगठा पाठवला.

शनिवारी सकाळी पुन्हा फोन. मी पोहे परतत होते.

"मावशी, परत मायनस. एकसष्ट रुपये पंच्याण्णव पैसे. आता हे कुठून आलं?"

"तीन दिवसांचं व्याज," मी म्हणाले. "भर."